शार्ङ्गदेवाचा जमाखर्च

माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. दरबार गेला, कलावंत कारखाना इतिहासजमा झाला, पण पहाटेची मेहनत त्यांनी सोडली नाही आणि मलाही सोडू दिली नाही. सा, रे, ग, म हे चार स्वर ते देत आणि त्यांच्या जितक्या म्हणून उलटापालटी होतील तितक्या सगळ्या म्हणून दाखव, असे फर्मावीत. अटी दोनच. एकही दोनदा येता कामा नये आणि एकही राहता कामा नये. अशा एकूण चोवीस होतात. मी एकविसावर किंवा बाविसावर हमखास अडकत असे. राहिलेल्या दोन-तीन कोणत्या, ते काही केल्या सुचत नसे. वडील सांगत नसत. बोटांच्या पेरांवर मोजत ते स्वस्थ बसत, आणि मी भांबावून जुनीच तान पुन्हा घेतली की तंबोऱ्यावरचा त्यांचा हात थांबे. तेवढाच त्यांचा राग.

या मेहनतीला ते उस्तादांकडून मिळालेल्या नावाने ‘मेरखंड’ म्हणत. हा शब्द आला कोठून, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. पुढे मी शिकवू लागलो तेव्हा पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेली ‘संगीतरत्नाकरा’ची जुनी प्रत माझ्या हाती आली. पहिल्याच अध्यायात ‘खंडमेरू’ भेटला, आणि लहानपणी ज्या दोन-तीन तानांवर माझे गाडे रोज अडत होते त्या अचूक शोधून काढण्याची युक्ती पावणेआठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहून ठेवलेली दिसली. ज्याने ती लिहिली तो पेशाने गवई नव्हता. तो राजाचा हिशेबनीस होता. त्या शार्ङ्गदेवाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आला. हा भास्कर म्हणजे ‘लीलावती’कार भास्कराचार्य नव्हेत. नाव एक असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. भास्कराचा मुलगा सोढल. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्या भिल्लम राजाने देवगिरीला आपली राजधानी केली, तेव्हा सोढल त्याच्या पदरी राहिला आणि पुढे भिल्लमाचा नातू सिंघण याचीही मर्जी त्याने संपादन केली. सोढलाचा मुलगा शार्ङ्गदेव. घरदार सोडून दूरदेशी आलेले कुटुंब, परक्या मुलखातला गुणग्राहक राजा, आणि तिसऱ्या पिढीला तोच मुलूख आपला वाटू लागलेला, हा अनुभव बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना मी काय सांगावा!

सिंघणाची कारकीर्द १२४७ मध्ये संपली. तिच्या भरात यादवांचे राज्य उत्तरेस नर्मदेपासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंत पोहोचले होते. एवढ्या राज्याचा वसूल, दाने, अग्रहार, लष्कराचा खर्च, या सर्वांच्या नोंदी ज्या खात्यात होत ते श्रीकरण, आणि त्या खात्याचा मुख्य तो श्रीकरणाधिप. आपल्या मराठेशाहीच्या बोलीत सांगायचे तर फडणीस. शार्ङ्गदेव सिंघणाचा श्रीकरणाधिप होता. ज्यांचे नाव मोडी लिपीशी आणि दगडी देवळांशी जोडून आपण रोज घेतो ते हेमाडपंतही पुढे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या वेळी याच हुद्द्यावर होते.

त्याच सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता चांगदेव, आणि हा मात्र खऱ्या भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने चाळीसगावाजवळ पाटण येथे १२०७ च्या सुमारास मठ स्थापिला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे भास्कराचार्यांचे गणित ज्या दरबारात मानाने नांदत होते, त्याच दरबारात शार्ङ्गदेव राज्याचा जमाखर्च लिहीत होता. त्याच्या संगीतग्रंथात गणिताला एवढी जागा कशी मिळाली, याचे नवल मग उरत नाही.

माणूस म्हणून शार्ङ्गदेव कसा होता, हे त्याने ग्रंथारंभी स्वतःच थोडे सांगितले आहे. ब्राह्मणांना धन, जिज्ञासूंना विद्या आणि रोग्यांना औषध, असे त्याचे देणे तिहेरी होते. घराण्यात वैद्यक होते आणि त्यालाही ते चांगले अवगत होते. म्हणूनच स्वरांविषयी बोलण्यापूर्वी तो गर्भाची उत्पत्ती, शरीराची रचना आणि नाद ज्या देहातून निघतो त्या देहाची सविस्तर माहिती देतो. अध्यात्मावरही त्याने एक ग्रंथ लिहिला होता. स्वतःला तो ‘निःशंक’ म्हणवितो, आणि वाद्याध्यायात त्याने निःशंकवीणा नावाचे एक वाद्यही सांगितले आहे. ठिकठिकाणी फिरून दमलेली सरस्वती अखेर विसाव्याला आपल्या घरी आली, असे त्याने आपल्या विद्वत्तेविषयी लिहिले आहे. आज कोणी असे लिहिले तर आपण हसू. पण पुढची सात प्रकरणे वाचल्यावर ही बढाई त्याला शोभते, एवढे कबूल करावे लागते.

‘संगीतरत्नाकर’ म्हणजे ही सात प्रकरणे: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्त. भरत, मतंग, दत्तिल, काश्मीरचे अभिनवगुप्त, चालुक्य राजा सोमेश्वर अशा पूर्वसूरींचे मत त्याने गोळा केले, चाळले आणि एका जागी मांडले. २६४ राग, १५ गमक, १२० देशी ताल, गवयाचे गुण, गवयाचे दोष, वाग्गेयकाराची लक्षणे, सगळ्याची मोजदाद झालेली आहे. आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी एक नोंद प्रबंधाध्यायात आहे. देशभाषेतल्या, प्रास असलेल्या, तीन खंडांच्या ‘ओवी’लाही त्याने शास्त्रात जागा दिली आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, १२९० ची. चांगला फडणीस मोठ्या रकमेबरोबर कवडीही लिहितो, तसे हे आहे.

आता त्याच्या हिशेबाकडे वळू.

एका स्वराची मांडणी एकच. दोन स्वरांच्या दोन. तिसरा स्वर आला की या प्रत्येक मांडणीत त्याला बसायला तीन जागा, म्हणून दोन गुणिले तीन, सहा. चौथ्याला चार जागा, म्हणून सहा चोक चोवीस. पाच स्वरांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५०४०. आजच्या शाळेत याला क्रमगुणित म्हणतात आणि आकड्यापुढे उद्गारचिन्ह लिहितात. ते चिन्ह क्राम्प नावाच्या गणितज्ञाने १८०८ मध्ये सुरू केले. हिशेब मात्र आपल्याकडे जुना. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ११५० मध्ये विचारले आहे की, विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील, आणि शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची केली तर किती? विष्णूच्या २४, शंकराच्या ३६,२८,८००. संध्येत आपण केशवापासून कृष्णापर्यंत चोवीस नावे घेतो त्यांच्या मूर्तींतला भेद हाच, आयुधांच्या क्रमाचा. माझ्या वडिलांच्या चोवीस ताना आणि माझ्या आजोबांच्या संध्येतली चोवीस नावे एकाच हिशेबाची आहेत, हे कळले त्या दिवशी मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

परंतु किती, एवढे सांगून शार्ङ्गदेवाचे समाधान झाले नाही. रकमेची बेरीज सांगणारा कारकून आणि प्रत्येक रक्कम कोणत्या पानावर आहे हे सांगणारा फडणीस, यांत फरक आहे. त्याने तानांना क्रम लावला. या लावण्याला प्रस्तार म्हणतात. छंदःशास्त्रात पिंगलाच्या काळापासून लघुगुरूंचा प्रस्तार होताच. शार्ङ्गदेवाने स्वरांचा प्रस्तार नियमाने बांधला. सरळ आरोही क्रम ही पहिली तान. पुढची तान लिहिताना एखाद्या स्वराखाली त्याच्या आधीचा स्वर ठेवायचा, उजवीकडे वरच्याप्रमाणेच उतरवायचे आणि डावीकडे उरलेले स्वर सरळ क्रमाने भरायचे. तीन स्वरांचा प्रस्तार असा होतो:

१. सा रे ग
२. रे सा ग
३. सा ग रे
४. ग सा रे
५. रे ग सा
६. ग रे सा

सरळ आरोहाने आरंभ आणि सरळ अवरोहाने शेवट. सात स्वरांचाही असाच. सा रे ग म प ध नि ही पहिली आणि नि ध प म ग रे सा ही ५०४० वी.

यापुढे दोन प्रश्न येतात. एखादी तान समोर आहे, तिचा क्रमांक कोणता? हे उद्दिष्ट. क्रमांक माहीत आहे पण तान हरवली आहे, ती कोणती? हे नष्ट. दोन्हींना उत्तर देणारे यंत्र म्हणजे खंडमेरू. उतरत्या पायऱ्यांसारखा घरांचा एक तक्ता काढावयाचा. पहिल्या स्तंभात एक घर, दुसऱ्यात दोन, असे सातव्यात सात. पहिल्यात १. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. पाचव्यात २४ च्या पटी ९६ पर्यंत, सहाव्यात १२० च्या पटी ६०० पर्यंत आणि सातव्यात ७२० च्या पटी ४३२० पर्यंत. प्रत्येक स्तंभात एकेक खडा ठेवायचा आणि तो स्वराप्रमाणे खाली सरकवायचा. तानेचा शेवटचा स्वर पाहायचा. सरळ क्रमात तो शेवटापासून जितक्या पावलांवर असेल तितकी घरे शेवटच्या स्तंभातला खडा खाली न्यायचा. मग तो स्वर खोडायचा आणि उरलेल्या स्वरांसाठी तेच, एक स्तंभ डावीकडे येऊन. सगळ्या खड्यांखालच्या आकड्यांची बेरीज म्हणजे तानेचा क्रमांक. प्रत्येक खडा तळाच्या घरात गेला की १, १, ४, १८, ९६, ६०० आणि ४३२०, बेरीज बरोबर ५०४०. जमाखर्च मिळाला!

उलट प्रश्न माझ्या एका शिष्येने घातला. ती महाविद्यालयात गणित शिकते. हजारावी तान कोणती, असे तिने सहज विचारले. तक्ता काढून आम्ही दोघे बसलो. प्रत्येक स्तंभातून बसेल तेवढा मोठा आकडा घेत गेलो. ७२०, २४०, २४, १२, २, १ आणि १, बेरीज १०००. सातव्या स्तंभात खडा एक घर खाली, म्हणून शेवटचा स्वर ध. सहाव्यात दोन घरे, उरलेल्यांत शेवटापासून दोन पावलांवर म. असे करत तान मिळाली: नि सा ग रे प म ध. आम्ही ती म्हणून पाहिली. नि सा ग रे म्हणताच कल्याणाची सावली पडली आणि प म ध ने ती तितक्याच चटकन पुसली. आकड्यांच्या गर्दीत हजार क्रमांकाच्या खोलीचे दार ठोठावावे आणि आत खरोखरच कोणी राहत असावे, असे काहीसे वाटले.

खड्यांच्या या खेळात एक अंकपद्धतीच दडलेली आहे. आपल्या नेहमीच्या अंकांत एकं, दहं, शतं अशी प्रत्येक स्थानाची किंमत दहापट वाढते. खंडमेरूत ती आधी दुप्पट, मग तिप्पट, मग चौपट अशी वाढत जाते. एक ते ५०४० पर्यंतचा प्रत्येक आकडा या खड्यांनी एकाच तऱ्हेने मांडता येतो, म्हणूनच प्रत्येक क्रमांकाला एकच तान आणि प्रत्येक तानेला एकच क्रमांक. फ्रान्समध्ये लेझां या गणितज्ञाने हीच पद्धती मांडणींचे क्रमांक काढण्यासाठी १८८८ मध्ये प्रसिद्ध केली. आता संगणकशास्त्राचे विद्यार्थी ती शिकतात. देवगिरीच्या फडणिसाने ती खड्यांवर चालविली होती.

हे आकडे केवढे, याचाही अंदाज घेऊ. सेकंदाला दोन स्वर, अशा बेताच्या लयीत एक सात स्वरांची तान साडेतीन सेकंदांत होते. ५०४० ताना म्हणायला पाच तासांना सहा मिनिटे कमी. जुन्या काळच्या रात्रभराच्या बैठकीत सहज मावतील. पण शार्ङ्गदेवाच्या ग्रामव्यवस्थेत मूर्च्छना चौदा आणि त्यांचे प्रत्येकी चार प्रकार, म्हणून ५६. तेव्हा नुसत्या पूर्ण ताना ५०४० गुणिले ५६, म्हणजे २,८२,२४०. अपुऱ्या स्वरांच्या धरून त्याचा आकडा तीन लाखांच्या वर जातो. पूर्ण तेवढ्याच म्हटल्या तरी अखंड अकरा दिवस आणि दहा तास लागतील.

आता एक पाऊल माझ्या पदरचे. आजच्या सप्तकातले बाराही स्वर घेतले तर मांडण्या ४७,९०,०१,६००. बारा स्वरांना सहा सेकंद धरले तर न झोपता, न जेवता सुमारे ९१ वर्षे. सात स्वरांना एक रात्र, बारांना एक दीर्घायुष्य. आणि केवळ हिशेबापुरत्या बावीस श्रुती घेतल्या तर? आकडा बावीस अंकी होतो. भास्कराचार्यांनी संख्यांच्या स्थानांची नावे परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. बावीस श्रुतींच्या मांडण्या अशा सुमारे अकरा हजार दोनशे चाळीस परार्ध होतात. प्रत्येकीला अकरा सेकंद दिले तर जो काळ लागेल तो विश्वाच्या वयाच्या, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांच्या, अठ्ठावीस हजार पटींहून अधिक. सातावरून बाविसावर जायला पंधराच पावले. पण प्रत्येक पाऊल मागच्या सगळ्याला गुणीत जाते. मोठ्या संख्या आकाशातच असतात असे नाही. त्या आपल्या तंबोऱ्याच्या दोन खुंट्यांमध्येही बसलेल्या असतात.

हे वेड आपल्याकडेच आहे, असे मात्र समजू नये. इंग्लंडात चर्चच्या मनोऱ्यात सुरांच्या घंटा दोरांनी वाजवितात, आणि त्यांचाही दंडक माझ्या वडिलांचाच: एकही मांडणी दोनदा नाही. सात घंटांच्या ५०४० मांडण्या नॉर्विच येथे १७१५ मध्ये सलग वाजविल्या गेल्या. त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. आठ घंटांच्या ४०,३२० मांडण्या १९६३ मध्ये लफबरो येथे वाजविणाऱ्यांना अठरा तासांना जेमतेम दोन मिनिटे कमी पडली. त्यांतला एकही दोर सोडून उठला नाही. सात आणि आठ यांत एकाचाच फरक. तो किती मोठा, हे त्या आठ जणांच्या खांद्यांना विचारावे.

मग या सगळ्याचा गाण्याला उपयोग काय? हा प्रश्न माझे शिष्य विचारतात आणि तो रास्त आहे. पाच हजार ताना पाठ करून कोणी गवई होत नाही. शार्ङ्गदेवालाही ते ठाऊक होते. त्याने ५०४० ताना लिहून पाने भरली नाहीत. नियम दिला, तक्ता दिला आणि तो पुढे गेला. तानांचा हिशेब हा सात अध्यायांपैकी पहिल्या अध्यायाचा एक भाग. तालाध्यायात मात्रांच्या मांडण्यांचा असाच प्रस्तार आहे. बाकी ग्रंथभर तो मोजता न येणाऱ्या गोष्टींच्या मागे लागला आहे: आवाजातला गोडवा कसा, गमकाचा हेलकावा कोणत्या जातीचा, रागाचा जीव कोणत्या स्वरात, कोणता गवई ऐकवत नाही आणि का. जे नियमात बसते ते नियमाने बांधून त्याने हात मोकळे केले, आणि मोकळ्या हातांनी जे नियमात बसत नाही ते शब्दांत धरण्याचा प्रयत्न केला.

त्यातले काय टिकले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथे आपली राजधानी नेली तेव्हा ते शहर दौलताबाद झालेले होते. ग्रंथ मात्र हातोहात दक्षिणेत गेला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली. पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने लिहिली. आनंदाश्रमाची १८९६-९७ ची प्रत कल्लिनाथाच्या टीकेसह मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादिली. पण १९१६ च्या मार्चमध्ये आपल्या बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली त्या काळी परिस्थिती अशी होती की, रत्नाकरातल्या २६४ रागांपैकी एकही राग शार्ङ्गदेवाच्या वेळी गात तसा गाऊन दाखवील असा कोणी राहिला नव्हता. त्या रागांचा आजच्या गाण्याशी मेळ बसत नाही, हे पंडित भातखंडे यांनी निःसंकोच मांडले. नावे तीच राहिली, चेहरे पालटले. ग्रंथ होता, वर्णन होते, पण गळ्यातून गळ्यात जाणारा धागा मध्येच कोठेतरी तुटला होता.

५०४० मात्र तसेच राहिले. हजारावी तान देवगिरीत जी होती तीच आमच्या बैठकीच्या खोलीत निघाली. शार्ङ्गदेवाने ज्याला नष्ट म्हटले ते कधीच नष्ट होत नाही. तक्ता काढा, खडे ठेवा, परत मिळते. ज्याला त्याने नष्ट म्हटले नाही, ज्याचे त्याने एवढ्या प्रेमाने वर्णन केले, ते गेले ते गेलेच.

हे मला ग्रंथ वाचून जितके कळले त्याहून अधिक घरातच कळले. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. तीत दोन वह्या होत्या. दोन्हींना वाळवी लागलेली. एका वहीत पलटे होते, पाच स्वरांपर्यंतचे, क्रमाने लिहिलेले. अर्धी पाने हातात घेताच चुरा झाली. दुसऱ्या वहीत बंदिशी होत्या, त्यांच्या गुरूंकडून आलेल्या आणि थोड्या त्यांच्या स्वतःच्या. पहिली वही त्या शिष्येने आणि मी दोन संध्याकाळी बसून पुरी करून काढली. १२० च्या १२०, एकही कमी नाही, एकही दोनदा नाही. दुसऱ्या वहीतल्या चाळीसेक बंदिशींपैकी अकरा माझ्या गळ्यात होत्या. बाकींचे कोठे मुखडे उरले, कोठे नुसते रागाचे नाव. अंतऱ्याला वडील कोठून उठत, कोणत्या अक्षरावर श्वास घेत, हे सांगणारा खंडमेरू कोणी केलेला नाही आणि कोणाला करता येणार नाही. त्या पहाटे चोवीस ताना चुकवीत बसण्याऐवजी एक बंदीश अधिक मागून घेतली असती तर, असे मनात येते. पण ते मागायला मला उशीर झाला.

तेव्हापासून मी एक रीत ठेवली आहे. शिष्यांना पलटे लिहू देत नाही. ते त्यांनी खड्यांवर काढावेत. बंदीश मात्र त्याच दिवशी लिहावयास लावतो, आणि लिहून भागत नाही म्हणून समोर बसवून म्हणून घेतो. आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांतून, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, माळ्यावर अशा ट्रंका अजून असतील. कोणाचे आजोबा दरबारात गात होते, कोणाच्या आजी भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी म्हणत होत्या. वाचकांना हात जोडून विनंती एवढीच की, या दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक एकदा खाली उतरवावी. वह्या निघाल्या तर उन्हात घालाव्या. आणि घरात ते गाणे येणारे कोणी वडीलधारे माणूस असेल, तर वही उघडण्यापूर्वी आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे.